आमचा पूर दुतोंड्या मारुतीला दिसत नाही

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय : हरसूल परिसरातल्या पाड्यांवर पूर आला की पहिले दोन तास कोणाचे, याबाबत.

महोदय,


रोहिण्या निघाल्या आहेत. आमच्याकडे राब भाजून झाले, कौलं चाळून झाली, सरपण पडवीत रचून झालं. आपल्या कार्यालयातही आता मान्सूनपूर्व बैठका चालू असतील आणि १ जूनपासून नियंत्रण कक्ष दिवसरात्र उघडा राहील. या बैठकांच्या टिपणात एका पानाची जागा मिळावी म्हणून हे पत्र लिहितो आहे. खुलं लिहितो आहे, कारण यातलं निम्मं काम आपलं असलं तरी निम्मं आमचं आहे. ते आमच्या लोकांनीही वाचलं पाहिजे.

नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. एवढं कानावर पडलं की भांडीबाजारातला दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातमीत येतं, लोक पुलावर पाणी बघायला जमतात, पोलीस दोरी बांधतात. सारं शहर एका मूर्तीकडे बघून ठरवतं की आज किती घाबरायचं. ही फार शहाणपणाची व्यवस्था आहे आणि ती कोणत्याही शासन निर्णयाने आलेली नाही.

आमचं पाणी त्या मारुतीपुढून जात नाही. ब्रह्मगिरीच्या पूर्वेला पडलेलं पाणी गोदावरीचं. आमच्या बाजूचं पाणी पश्चिमेला उतरतं, ओहोळा-ओहोळांनी वाघ नदीला आणि दमणगंगेला मिळतं, मधुबन धरणात शिरतं आणि सिल्वासा, दमण करत अरबी समुद्राला जातं. नाशिक शहरात ऊन पडलेलं असतं तेव्हाही इकडे फरशी पुलावरून पाणी चाललेलं असू शकतं. जिल्हा एकच, तालुका त्र्यंबकेश्वराचा, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारा. पण जिल्ह्याच्या मुख्यालयाचे डोळे ज्या नदीवर आहेत ती आमची नदी नव्हे. यात कोणाचा दोष नाही. डोंगराचा उतारच तसा आहे. पण उतार तसा आहे म्हणूनच आमच्याकडे बघायची व्यवस्था वेगळी करावी लागेल.

आमच्याकडे पूर म्हणजे काय, ते आधी सांगतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. तिथलं पाणी फुटाफुटाने चढतं, दिवस-दोन दिवस घेतं, माणसाला जनावरं सोडायला आणि धान्य हलवायला वेळ देतं. आमच्याकडे नदी अशी नाहीच. आहेत ते ओहोळ. गावांची नावंसुद्धा त्यावरून पडली, आमच्या शेजारचं चिंचओहोळच बघा. उतार तीव्र, वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि काळा दगड. पडलेलं पाणी मुरत नाही, पळतं. वर डोंगराला तासभर दणकून पाऊस झाला की घोट्याएवढ्या ओहोळाला छातीएवढा लोंढा येतो, आणि दोन-तीन तासांत तो ओसरतोही. नाशिकहून कोणी पाहणीला येईपर्यंत ओहोळ पुन्हा घोट्याएवढा झालेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, इथे काय झालं असणार?

एक दिवस सांगतो. मी इथल्या आश्रमशाळांमधून शिकवत आयुष्य काढलं. वीसेक वर्षं झाली असतील. जुलै महिना, आवणाची लावणी ऐन भरात. बाजारातून एक बाप घरी निघाला होता, तापाने फणफणलेल्या पोरासाठी औषध घेऊन. फरशीवर पाणी पोटरीला लागेल एवढंच होतं, म्हणून तो उतरला. मध्यावर पोहोचला आणि वरून लोंढा आला. फरशीच्या कडेच्या दगडी खुंटाला त्याने मिठी मारली. अलीकडच्या काठावर आम्ही पंधरा जण होतो. दावी आणली, कासरे आणले, एका बाईने डोक्यावरचं लुगडं सोडून दिलं. सगळं एकाला एक बांधलं आणि फेकलं. दोर पाच-सहा हात कमी पडला. मास्तर म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला ओल्या दोराला सुटणार नाही अशी गाठ मारता येत नव्हती. शेवटी सातवीतून शाळा सोडलेला एक मुलगा शेतं तुडवत पळाला आणि कोणाच्या तरी विहिरीवरचा नाडा घेऊन आला. तो जांभळीच्या बुंध्याला बांधला, तेव्हा कुठे हात पुरला. पाऊण तास गेला होता. माणूस बाहेर आला तेव्हा त्याच्या तळव्यांची कातडी गेली होती. औषधाची बाटली सदऱ्याच्या आत तशीच होती.

त्या दिवसाची नोंद कुठेही नाही, कारण कोणी मेलं नाही. आपल्याकडे आपत्तीची नोंद मृत्यूपासून सुरू होते. पुरात माणूस गेला तर वारसाला ४ लाख रुपये मिळतात. पंचनामा होतो, अहवाल जातो, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात त्या जागेचं नाव येतं. माणूस वाचला तर ती जागा कागदावर सुरक्षितच राहते. पहिली मागणी यातूनच निघते. ज्या ज्या फरशीवर, मोरीवर, ओहोळाच्या वाटेवर गेल्या दहा पावसाळ्यांत कोणी वाहता वाहता वाचलं, त्या सगळ्या जागांची यादी पाड्या-पाड्यावर बसून करा. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताई यांनी एका दुपारी चावडीवर चार म्हाताऱ्यांना विचारलं तरी होईल. ही यादी झाली की धोका कुठे आहे हे शोधायला दुसरा तज्ज्ञ लागणार नाही.

म्हाताऱ्यांचं महत्त्व मी भावनेपोटी सांगत नाही. खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्याची गोष्ट आपल्या फायलींत असेलच. तास नदीच्या खोल पात्रावर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून बायका डोक्यावर हंडे घेऊन जात होत्या. ते फोटो राज्यभर गाजले, जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल बसला, आणि त्याच वर्षी जुलैच्या पावसात तो गेला. बांधणाऱ्यांची तळमळ खरी होती यात मला शंका नाही. चार दिवसांत बायकांच्या पायाखाली काहीतरी भक्कम यावं हीच त्यामागची भावना होती. पण पुलाला तळमळीइतकीच उंचीही लागते. पाणी जास्तीत जास्त कुठवर आलं होतं हे ओहोळकाठच्या म्हातारीला माहीत असतं: ‘त्या सादड्याच्या फांदीला गवत अडकलं होतं बघा.’ पूल, मोरी, साकव काहीही मंजूर करताना अशा तीन माणसांची साक्ष घेऊन ती उंची कागदावर लिहिली गेली पाहिजे. नकाशावर नदी दिसते, फांदीला अडकलेलं गवत दिसत नाही.

आता मदतीचं गणित. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची आमच्या बाजूची तुकडी धुळ्याला. राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. धुळ्याहून नाशिकच दीडशे किलोमीटरच्या पुढे, तिथून हरसूल आणखी पन्नासेक, त्यातही वाघेरा घाट किंवा त्र्यंबककडचा रस्ता, आणि त्या दिवशी घाटात दरड नसेल असं धरून. पुढे पाड्यापर्यंत पायवाट. पावसाळ्यात तुकड्या आधी आणून ठेवल्या तरी नाशिकहून इथे यायला घाट चुकत नाही. ही माणसं जिवावर उदार होऊन काम करतात, महाराष्ट्राने ते अनेकदा पाहिलं आहे. पण आमचा लोंढा दोन तासांचा आहे. ते येतील तेव्हा शोधकार्य असेल, बचावकार्य नव्हे. बचाव करायचा असेल तर तो त्या काठावरच्या पंधरा जणांनाच करायचा आहे. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो: त्या पंधरा जणांच्या हातात काय असेल आणि त्यांना काय येत असेल?

धाडस भरपूर आहे. ते शिकवावं लागत नाही. उलट त्याचीच भीती वाटते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. वाचवायचीच धडपड होती ती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती आणि अंगावर जीवरक्षक जाकिटं नव्हती. एकाला बुडताना बघून दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात, हे तर दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. न शिकलेलं धाडस घरातली माणसं दुपटीने नेतं.

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना याचसाठी आहे. देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचं, साहित्याची पिशवी द्यायची, विमा उतरवायचा, अशी ती रचना. योजना चांगली आहे. माझं म्हणणं निवडीबद्दल आहे. स्वयंसेवक मोटारसायकल असलेला, बाजारगावात राहणारा, अर्ज भरता येणारा तरुण असतो. लोंढा आला की तोही आमच्याइतकाच अलीकडच्या काठावर अडकतो. आपदा मित्र पलीकडच्या काठावर हवा. प्रत्येक धोक्याच्या ओहोळाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन.

आणि त्यात बायका हव्यात, निम्म्या तरी. कारण सांगतो. जुलैत सगळा पाडा खाचरात असतो. लावणी उरकली की बाप्ये कामाच्या शोधात बाहेर पडतात, गिरणाऱ्याच्या बाजूला टोमॅटोच्या मळ्यांत, पुढे द्राक्षबागांत. परतीचा पाऊस सप्टेंबरात झोडपतो तेव्हा पाड्यावर असतात बायका, म्हातारी आणि पोरं. तेव्हा दोर फेकायचा कोणी? ज्या बाईने शंभर फूट खोल विहिरीतून आयुष्यभर पाणी ओढलं, तिच्या हाताला दोराची जाण माझ्यापेक्षा जास्त आहे. तिला गाठ शिकवायला अर्धा दिवस पुरेल. मात्र तिला सलग बारा दिवस शहरात प्रशिक्षणाला बोलावू नका, ती येऊ शकणार नाही. प्रशिक्षण हरसूलला घ्या, लावणीच्या आधी घ्या, तुकड्या-तुकड्यांनी घ्या, आणि बुडालेला रोज भरून द्या.

बांगलादेशाने हे करून दाखवलं आहे. १९७० च्या चक्रीवादळात तिथे काही लाख माणसं मेली. त्यानंतर १९७२ पासून त्यांनी किनाऱ्यावरच्या गावा-गावांत स्वयंसेवक उभे केले. आज ते ७५ हजारांहून अधिक आहेत आणि त्यात निम्म्या स्त्रिया आहेत. त्यांचं मुख्य साधन काय? झेंडे. एक झेंडा म्हणजे सावध, दोन म्हणजे तयारी, तीन म्हणजे निघा. वाचता येत नसलं तरी कळतं, वीज गेली तरी कळतं. तिथे वादळं आजही येतात, पण १९७० सारखी माणसं मरत नाहीत.

आमच्या फरशांना तसंच एक चिन्ह हवं. आमचा मारुती म्हणा. फरशीच्या दोन्ही टोकांना खांब, त्यावर लाल पट्टा, आणि पट्ट्याला पाणी लागलं की फरशी बंद. पट्टा कुठे ओढायचा हे गुडघ्यावरून ठरवू नका. वाहतं पाणी वीतभरही नसताना धडधाकट माणसाचे पाय सुटतात, हातभर पाण्यात जीप तरंगू लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे मी वर्गात फळ्यावर शिकवायचो. फरशीवर ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. तिथे ‘कालच तर गेलो होतो’ एवढंच ध्यानात राहतं.

पण पट्टा ओढला म्हणून माणूस थांबत नाही, त्याला थांबवणारा लागतो. आणि थांबवणाऱ्याच्या पाठीशी कोणी नसतं. जीप भरलेली, ड्रायव्हरला फेरी बुडवायची नाही, आत बसलेल्यांना घरी जायचं आहे. तिथे पोलीस पाटलाने ‘थांब’ म्हटलं तर त्याला विचारतात, तू कोण? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ ने धोक्याच्या भागातली वाहतूक रोखायचे अधिकार आपल्या प्राधिकरणाला दिले आहेत. त्या कलमाखाली पावसाळ्याआधीच एक आदेश काढा: अमुक अमुक फरशांवर पट्ट्याला पाणी लागताच रस्ता आपोआप बंद, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीने नेमलेली व्यक्ती तो बंद करील, आणि तिचा शब्द मोडणं म्हणजे आपला आदेश मोडणं. त्या आदेशाची प्रत प्रत्येक पोलीस पाटलाच्या खिशात असू द्या. एसटी आगाराला, शाळांना, जीपवाल्यांच्या थांब्यावर एकेक प्रत लावा. रात्रीसाठी खांबांना चमकणाऱ्या पट्ट्या लावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा दोन एसटी गाड्या अंधारात थेट नदीत गेल्या. पुढे रस्ता उरलेला नाही हे सांगणारं तिथे काहीच नव्हतं.

रस्ता बंद करा म्हणताना मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र अन्यायाचं होईल. माणूस हौसेने फरशीवर उतरत नाही. मीठ संपलेलं असतं, रेशन आलेलं असतं, पोराला ताप असतो, बाई अडलेली असते. तो ओलांडतो, कारण पलीकडे त्याची गरज आहे. ती गरज जूनच्या आधी अलीकडे आणून ठेवली, तरच ‘थांब’ म्हणायचा अधिकार आपल्याला मिळतो. २०२५ मध्ये पावसाळा डोळ्यांपुढे ठेवून तीन महिन्यांचं रेशन आधीच उचलायला सांगितलं गेलं, ते फार चांगलं झालं. आमच्या भागापुरता तो दरवर्षीचा नियमच करा आणि धान्य बाजारगावात नव्हे, ओहोळापलीकडच्या पाड्यापर्यंत पोहोचवा.

आणि बाळंतपण. पुराची तारीख कोणाला कळत नाही, बाळंतपणाची कळते. आशाताईच्या वहीत ती लिहिलेली असते. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या इगतपुरी तालुक्यात जुनवणेवाडीची एक गरोदर बाई रस्ता नाही म्हणून भर पावसात पायी निघाली आणि परतताना तिचा मृतदेह डोलीतून आला. त्या बातमीने आमच्या पाड्यांवर कोणाला धक्का बसला नाही, एवढंच मी लिहितो. ज्या बायकांचे दिवस जून ते सप्टेंबरात भरतात आणि ज्यांच्या वाटेत ओहोळ आहे, त्यांची यादी मे महिन्यातच हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर लागू शकते. आदिवासी भागासाठी माहेरघर योजना आहे, दिवस भरत आले की बाईने आरोग्य केंद्रातच येऊन राहायचं. बाई येत नाही, कारण घरी दुसरी दोन लेकरं आणि लावणी असते. सोबत सासू आणि लहान मूल ठेवायची सोय करा, त्या दिवसांचा रोज द्या, येईल.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. शिक्षकाचं आयुष्य हजेरीत जातं. हजेरी घेताना हाकेला ‘ओ’ देतो त्याची काळजी नसते. ज्याचा आवाज येत नाही त्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं. आपत्तीत आपण नेमकं उलटं करतो. जिथून फोन येतो तिथे धावतो, आणि जिथून काहीच कळत नाही तिथे सगळं ठीक आहे असं धरतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. ती बातमी गावातून निघाली नाही. नेहमीच्या फेरीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली तेव्हा मदतीला निघालेल्यांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावं लागलं. आमच्याही कितीतरी पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही. आमचा एखादा पाडा गप्प झाला तर किती वेळाने कोणाच्या लक्षात येईल, याचं उत्तर मला देता येत नाही आणि त्यामुळे मुसळधार पावसाच्या रात्री मला झोप येत नाही.

म्हणून हजेरी हवी. हवामान खात्याने नाशिकच्या घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की त्या दिवशी प्रत्येक पाड्याने दोन वेळा ‘आहोत’ एवढंच कळवायचं, सकाळी सातला आणि रात्री आठला. फोन लागत असेल तिथे फोन. नसेल तिथे वायरलेसचा एक हातातला संच, किंवा ज्या टेकाडावर रेंज येते तिथवर जाणारा एक नेमलेला माणूस, किंवा रात्री समोरच्या पाड्याला दिसेल असा बॅटरीचा उजेड, तीनदा. समोरच्या पाड्याने तो पुढे सांगायचा. हरसूल पोलीस ठाण्यात वही असेल, पाड्यांची नावं ओळीने, आणि ज्या नावापुढे खूण पडली नाही त्याची चौकशी अर्ध्या तासात सुरू होईल. १०७७ आहे, १०८ आहे, ११२ आहे. हे सगळे आकडे ज्याला फोन लावता येतो त्याचे आहेत. ज्याला लावता येत नाही त्याच्यासाठी ही वही.

या हजेरीला मोठा खर्च नाही. वायरलेस संचांचा खर्च तेवढा येईल. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायद्याखालचा पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतींकडे येतो. त्यातून दोर, जाकिटं, खांब, बॅटऱ्या, वायरलेस घ्यायला हरकत नाही, असं एक स्पष्टीकरण आपल्या कार्यालयाने लिहून दिलं तर ग्रामसेवकाचा हात थांबणार नाही. आज तो लेखापरीक्षणाच्या धाकाने थांबतो.

पावसाच्या आकड्याबद्दल थोडं. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात. नुकसानभरपाईला तो आकडा ठीक आहे. जीव वाचवायला तासाचा आकडा लागतो, आणि तोही डोंगराच्या वरच्या अंगाच्या पाड्याचा, कारण तिथला पाऊस तासाभराने खालच्या फरशीवर येणार असतो. त्यासाठी मोठं यंत्र नको. सरळ भिंतीचा डबा आणि आत चिकटवलेली पट्टी पुरते. आमच्याच भागात हिवाळीची जिल्हा परिषद शाळा आहे, वर्षाचे ३६५ दिवस भरणारी. तिथली मुलं दोन्ही हातांनी लिहितात हे बघायला लांबून लोक येतात. अशा मुलांना तासाचा पाऊस मोजून खालच्या शाळेला कळवायचं काम द्या. मुलं नोंद चुकवत नाहीत, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. हे आकडे पुढे सीमेपलीकडे मधुबन धरणाकडेही गेले पाहिजेत, आमचंच पाणी तिथे जातं. जिल्हा आणि राज्य बदललं म्हणून पाणी थांबत नाही. तसंच कडेच्या पाड्यांना मोखाडा-जव्हारची मदत जवळ पडत असेल तर पालघरची रुग्णवाहिका बोलावताना कोणाला परवानगी विचारावी लागू नये.

शाळेच्या सुट्टीबद्दलही एक विनंती. मुसळधार पावसाच्या दिवशी आपण सुट्टी जाहीर करता, ते योग्यच आहे. पण आमच्याकडची मुलं सकाळी सहाला निघालेली असतात. आदेश आदल्या संध्याकाळी यावा. आणि सुट्टी मिळाली म्हणून आश्रमशाळेतली मुलं घराकडे सोडू नयेत, हेही त्याच आदेशात असावं. पावसात मुलांसाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे शाळेचं पक्कं छप्पर, आणि आई-बाप नेमके त्याच दिवशी न्यायला येतात.

२०२७ च्या पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. घाट बांधले जातील, रस्ते रुंद होतील, गर्दीला सांभाळणारी हजारो माणसं शिकवून तयार होतील. त्या भाविकांच्या जिवाची काळजी घ्यायलाच हवी. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आम्ही आहोत. कुशावर्तावर जो प्रशिक्षक दोर फेकायला शिकवील, तो चार दिवस हरसूलला आला तर आमची चारशे माणसं शिकतील.

मी आपल्याकडे पूल मागत नाही असं नाही. पूल हवेतच, आणि ज्या पाड्यांना रस्ता नाही त्यांना रस्ता हवाच. पण त्यांना वर्षं लागतील, आणि दोराला, खांबाला, वहीला आठवडा लागतो. या पावसाळ्यात ज्याच्या पायाखालून फरशी सुटणार आहे तो आज कुठेतरी खाचराची बांधबंदिस्ती करतो आहे. त्याच्यासाठी आठवडा पुरेसा आहे.

मृग निघायच्या आत एकदा या. ज्या फरशीवर आमचा दोर पाच-सहा हात कमी पडला होता, तिथे मी आपल्याला घेऊन जाईन. ती जांभळ अजून उभी आहे. ज्या बाईने त्या दिवशी लुगडं सोडून दिलं होतं, ती आता म्हातारी झाली आहे, पण पाणी कुठवर आलं होतं ते ती अजून बरोबर दाखवते. तिने हात ठेवला की तिथे पहिला पट्टा ओढू. लाल रंगाचा डबा आणि ब्रश मी आणून ठेवला आहे.

आपला,
हरसूल येथील एक निवृत्त शिक्षक